बिलोलीच्या अक्काचं देणं

माझं शिक्षण झालं, मास्तरकी मिळाली, मुलं मार्गी लागली, याच्या मुळाशी बिलोलीतल्या एका बाईचा हट्ट आहे. सगळे तिला अक्का म्हणत. लिंगायत घर, नवरा लवकर गेलेला, पापड-शेवया करून देण्यावर संसार. मराठी बोलता बोलता ती मधेच तेलुगूत शिरे. सीमेवरच्या आमच्या तालुक्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं.

गावात पुढची शाळा नव्हती म्हणून वडील मला घेऊन बिलोलीत खोली शोधत फिरले. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावात घर कोणत्या अंगाला याचा. एवढ्यावर समोरच्याला हवं ते कळे आणि खोली कालच दिल्याचं उत्तर येई. शिवी कुणी दिली नाही. त्या दिवसांत स्टँडजवळच्या एका हॉटेलात आमच्यासाठीच्या कपबश्या वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या असत. चहा प्यायचा, आपणच विसळायच्या, जागेवर ठेवायच्या. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम १९७२ पासून सुरू होती. त्या वळचणीपर्यंत ती पोचली नव्हती.

अक्कानंही आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. ती जरा गप्प राहिली, मग म्हणाली, “भाडं टायमावर द्या. कंदील लई रात्र जाळायचा नाही.” पहिल्याच संध्याकाळी मी पाणी मागितलं आणि सवयीनं ओंजळ पुढे केली. तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि ती कणगीकडे वळली. त्यात काही विशेष केल्याचा भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता. मी मात्र तो तांब्या हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेडोपाडी आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या. आमच्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. बातम्यांपेक्षा अफवा पुढे धावत होत्या. गल्लीतली चार मंडळी अक्काकडे आली. मी आत दाराआड होतो. “अक्का, पोराला खोली रिकामी करायला सांगा. दिवस बरे नाहीत.”

अक्का म्हणाली, “लेकरू भाडं देतंय, अभ्यास करतंय. तेनं काय केलं ते सांगा, मग बोलू.”

मंडळी निघून गेली, पण त्याचा हिशेब अक्कालाच चुकवावा लागला. दुकानातली उधारी बंद झाली. दिवाळीला शेवयांचं काम आलं नाही. नात्यातल्या एका लग्नाचं आवतण चुकलं. तिचा मुलगा तिच्यावर चिडला होता. लोकांत राहायचंय आपल्याला, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. यातलं अक्का माझ्याकडे कधी बोलली नाही. मला हे कळलं ते पुष्कळ वर्षांनी, तिच्या सुनेकडून.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिहिणं अपुरं राहील. अक्का नामांतराच्या बाजूची नव्हती. विद्यापीठाला मराठवाड्याचंच नाव असावं, असं ती मला तोंडावर सांगे. मी वाद घाली, ती ऐकून घेई, पुन्हा आपलंच म्हणणं मांडी आणि मग भाकरीवर अंबाडीची भाजी वाढी. पुढे १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडेंचा नामांतरासाठीचा लाँग मार्च नागपूरहून निघाला आणि मीही सत्याग्रहाला जायला निघालो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जा. पण परीक्षेला वापस ये.” १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मी पेढे घेऊन गेलो. तिनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, “झालं ना नाव? आता भांडू नका म्हणावं समद्यास्नी.”

माझी मुलगी आता अमेरिकेत असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सास राज्यातल्या ओलेथ गावी ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत एकानं हैदराबादच्या श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला गोळ्या घातल्या. त्या आठवड्यात तिचा फोन आला. बाहेर मोठ्यानं आपल्या भाषेत बोलू नका, असे निरोप तिच्या ओळखीत फिरत होते. दुकानात, रांगेत लोक कसे बघतात ते ती सांगत होती आणि मला बिलोलीत खोली शोधणारे माझे वडील दिसत होते. त्याच हल्ल्यात इयन ग्रिलट नावाचा चोवीस वर्षांचा गोरा तरुण हल्लेखोराला अडवायला धावला. हाताला आणि छातीत गोळी लागूनही तो वाचला. ह्यूस्टनच्या भारतीयांनी त्याचा सत्कार केला, घर घेण्यासाठी त्याला एक लाख डॉलर दिले. हे वाचून मला बरं वाटलं. २०२३ मध्ये सिॲटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली, तेव्हा मात्र तिथल्या आपल्याच काही लोकांनी त्या बंदीला विरोध केला. याचं मला फार वाईट वाटलं. आपल्याला कुणी परकं म्हटलं की जे झोंबतं, ते आपण दुसऱ्याला देताना झोंबत नाही, हे मला पटत नाही.

मतं पटलीच पाहिजेत, असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. अक्काचं आणि माझं अखेरपर्यंत पटलं नाही. पण मत वेगळं आहे म्हणून माणसाला दाराबाहेर काढता येत नाही, हे ती वागून दाखवत होती, आणि त्याची किंमतही मोजत होती. आंदोलनाच्या इतिहासात शहिदांची नावं आहेत, पुढाऱ्यांची आहेत, ती असायलाच हवीत. अक्कासारख्यांची नावं कुठेच नाहीत. १९७८ च्या त्या पावसाळ्यात ज्यांना कुणी घरात ठेवून घेतलं, भाकर दिली, वाट चुकवून गावाबाहेर पोचवलं, त्यांतले बरेचजण आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: आपल्यासाठी जे उभे राहिले त्यांच्याविषयी आपल्या नातवंडांना सांगा, आणि लिहून ठेवा. आपल्यामागे हे सांगणारं कुणी उरणार नाही.