दमानं वऱ्हाड

फ्रान्समधल्या बोर्दो किंवा बर्गंडीकडे लोक आठवडाभर मुक्कामाला जातात आणि करतात काय? घोटभर वाइन चाखायची, मळेवाल्याशी गप्पा मारायच्या, एखादी जुनी गढी पाहायची आणि जेवून झोपायचं. आपल्याकडे त्यासाठी नाशिक गाठतात. अकोला ते चिखलदरा या पट्ट्यात बाटली सोडली तर बाकी सगळं आहे. नाही ती फक्त सवड. सकाळी निघून रात्री घरी, आणि मोबाइलमध्ये पन्नास फोटो, ही आपली सहल.

*

अकोटाजवळच्या एका शेतात हुरडा. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कणसं खुपसलेली. कणीस काळपट झालं की बाहेर काढायचं, हातावर चोळायचं, फुंकर मारून फोल उडवायचं. उरलेले हिरवे दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे. दोन मिनिटं थांबलात तर चिवट होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. वाढणारा सारखा विचारतो, "अजून भाजू का, भाऊ?" याला नाही म्हणणारा माणूस वऱ्हाडात सापडायचा नाही.

वाणीची ज्वारी दुधात असते ते दिवस मोजकेच. आधी गेलात तर नुसतं पाणी, उशीर केलात तर पीठ. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी वाण काढले आहेत. पण पेरतो कोण? सोयाबीन आणि कपाशीच्या मधे एकटं ज्वारीचं शेत राहिलं की पाखरं आणि रानडुकरं सगळ्या शिवाराची भूक तिथंच भागवतात.

*

नरनाळा किल्ला. शहानूर गावावरून चढायचं. महाकाली दरवाजाचं कोरीवकाम बघत बसलो तर सोबतचे वर निघून गेले. जाऊ दे. नऊगजी तोफेजवळ सगळ्यांना सेल्फी काढायचा असतो, दरवाजाजवळ कोणी थांबत नाही.

*

अकोट ते परतवाडा या रस्त्यावर अंजनगाव सुर्जी लागतं. इथले पानमळे आणि पानपिंपरी पाहण्यासारखी. पण हे गाव इतिहासाच्या पुस्तकातलंही आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला, दोन दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि 30 डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो या अंजनगावी. महिनाभरात एवढं सगळं. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला. 1814 मध्ये त्याची फौज बोर्दो शहरात शिरली आणि पुढच्या वर्षी त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हणजे वाइनच्या त्या गावाची वाट त्या माणसाला गाविलगडावरून सापडली, असं म्हणायला वऱ्हाडी माणसाला हरकत नसावी.

*

संत्रं बाजारात खाणं वेगळं आणि अचलपूरकडच्या बागेत खाणं वेगळं. बाग बहुधा व्यापाऱ्यानं उभ्यानंच घेतलेली असते, म्हणून आधी विचारावं. अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. हिरवट सालीला भिऊ नका, आत गोड असू शकतं. साल ढगळ झाली की समजायचं.

*

चिखलदऱ्याला कॉफीची झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. हिवाळ्यात फळं लाल होतात. एक चिमटून बघितलं: वर पातळ गोडसर गर, आत एकमेकांना चिकटलेल्या दोन बिया. कॉफीचा वास नावालाही नाही, तो भाजल्यावर येणार. राज्यात कॉफीसाठी ओळखलं जाणारं हे गाव, आणि निम्म्या टपऱ्यांवर मिळतो तो चहाच! गवळ्याच्या घरची रबडी मात्र चुकवू नये.

*

घोटाचाच विचार करायचा तर मेळघाटात मोह आहे. मार्च-एप्रिलात पहाटे कोरकू बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. रात्री गळालेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायची. ताजं फूल रसाळ, अती गोड. वाळवलं की मनुक्यासारखं. महाराष्ट्रानं 2021 मध्ये मोहफुलांवरचे निर्बंध उठवले. शेजारच्या मध्य प्रदेशानं तर मोहाच्या दारूला हेरिटेज मद्याचा दर्जा दिला. द्राक्षाला प्रतिष्ठा आणि मोहाला पोलिसाची धाड, हा हिशेब मला कधी पटला नाही.

*

या सगळ्याला शोभेल अशी, दमानं चालणारी रेल्वेगाडी होती: शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, वेळ चार तासांच्या घरात. गार्डच तिकिटं द्यायचा. 1994 पर्यंत पुढे मँचेस्टरचं वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे. पर्यटनासाठी हे रूळ उपयोगात आणता येतील, हे कळायला फ्रान्सला जाऊन यायची गरज नाही.

*

जानेवारीत हुरडा खायचा असेल तर जानेवारीत फोन करून उपयोग नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पेरणीच्या वेळीच, ओळखीच्या शेतकऱ्याला चार ओळी ज्वारी पेरायला सांगा आणि पैसे तेव्हाच द्या. आणि चिखलदऱ्याला दोन रात्री तरी राहा.