उदासीवरचे औषध, पित्ताचे कूळ

अंगावर पित्त उठते, तेव्हा त्यामागे बहुधा हिस्टामिन असते. शरीर ते स्वतः तयार करते. शिवाय मुरलेले चीज, वाइन, टिकवलेले मासे यांतूनही ते पोटात जाते. त्याचे विघटन करणारे विकर ज्यांच्यात कमी पडते, त्यांना असे जेवण सोसत नाही. डोके दुखते, खाज सुटते, नाक वाहते. अशा एखाद्या रुग्णाला नैराश्यासाठी जुन्या पिढीतले औषध दिले जाते आणि मन सावरण्याआधी खाजच थांबते. हा योगायोग नव्हे. त्या औषधाचे कूळच तसे आहे.

१९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांना हिस्टामिन रोखणारा पहिला पदार्थ सापडला. माणसाला देण्यास तो फार विषारी होता, पण वाट दिसली. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या गायगी कंपनीने १८९९ पासून ज्ञात असलेला इमिनोडायबेंझिल हा रेणू हाती घेऊन त्याची बेचाळीस रूपे घडवली. शोध हिस्टामिनरोधकाचाच होता.

दरम्यान फ्रान्समध्ये अशाच संशोधनातून क्लोरप्रोमाझिन निघाले आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या मनोरुग्णालयात त्याने उन्माद शमवला. साहजिकच गायगीलाही तसेच औषध हवे होते. जी २२३५५ या क्रमांकाचा पदार्थ म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयातील रोलांड कून यांच्याकडे गेला. स्किझोफ्रेनियात तो निरुपयोगी ठरला. काही रुग्ण तर अधिकच अस्वस्थ झाले. मग जानेवारी १९५६ मध्ये तोच पदार्थ नैराश्याने ग्रासलेल्या एका स्त्रीला देण्यात आला आणि आठवड्याच्या आत तिच्यात बदल दिसू लागला. तेच इमिप्रामिन. १९५७ च्या सप्टेंबरात झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी ही माहिती मांडली, तेव्हा श्रोते जेमतेम डझनभर होते.

पाठ्यपुस्तके ही कथा बहुधा इथेच, भाग्याच्या कौतुकावर थांबवतात. ते अपुरे आहे. थुर्गाऊ प्रांताने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१९ मध्ये म्युन्स्टरलिंगेनचे दप्तर उलगडले. तिथे कित्येक दशके अनेक पदार्थ रुग्णांवर आजमावले गेले, आणि त्या रुग्णांना बहुधा त्याची पुरेशी कल्पनाही नव्हती. शोधाचे श्रेय एका नावावर जमा झाले. ज्यांच्या शरीरांवर तो लागला, ती माणसे दप्तरातच राहिली.

इमिप्रामिनच्या पाठोपाठ त्याची भावंडे आली. त्यांनी येणारी गुंगी आणि वाढणारे वजन यांना दुष्परिणाम म्हणण्याची रीत पडली. रसायनाला मात्र मुख्य काय आणि आनुषंगिक काय, हे ठाऊक नसते. ती नावे लेबल लिहिणारा ठरवतो. डॉक्सेपिनचेच पाहावे. नैराश्यासाठी ते बहुधा ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात. त्याचेच मलम खाजेवर लावले जाते. २०१० साली अमेरिकेत त्याला ३ आणि ६ मिलिग्रॅमच्या मात्रेत निद्रानाशावरचे औषध म्हणून मान्यता मिळाली. एवढ्या अल्प मात्रेत ते जवळजवळ केवळ हिस्टामिनलाच अडवते.