बारा मोटा, एक घंटा आणि हरवलेला शब्द

मुलांनो, शनिवार-रविवारच्या सहलीला कुठे जायचं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं! एक तर महाबळेश्वर, नाही तर समुद्र. पुण्याहून महाबळेश्वरकडे निघालेल्या गाड्या वाई मागे टाकून सुसाट पुढे जातात. पण त्याच वाटेच्या आजूबाजूला, मोठा रस्ता सोडून थोडं आत गेलं, की अशा गमतीच्या जागा आहेत की दोन दिवससुद्धा पुरू नयेत. गेल्या थंडीत आम्ही त्या पाहायच्या ठरवल्या.

आम्ही म्हणजे मी, मुलांचे बाबा, आठवीतला थोरला, पाचवीतली धाकटी आणि माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते, मुलं आजोबा म्हणतात. वय ८४, कान जरा जड, पण गाडीत पुढची जागा त्यांचीच! सहलीचा नियम एकच होता. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारायचा. उत्तरं लिहायला धाकटीनं शंभर पानी वही घेतली होती.

खंबाटकी घाट ओलांडला, सुरूरला उजवीकडे वळलो आणि वाईवरून पुढे मेणवली गाठली. इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्याच्या मागे कृष्णेवर सुंदर दगडी घाट आहे आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. देवळाशेजारी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. थोरला तिच्याभोवती फिरला आणि एकदम ओरडला, "आई, हिच्यावर बाई आणि बाळ आहे! ही कुठली देवी?"

ती होती मेरी, आणि तिच्याजवळ बाळ येशू. महादेवाच्या देवळात चर्चची घंटा कशी आली? त्याचं उत्तर आहे वसईत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला अशीच एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेबद्दलही तुम्ही ऐकलं असेल.

"पण मग ते चित्र कुणी घासून का नाही टाकलं?" धाकटीनं विचारलं.

प्रश्न छानच होता. लढाईत मिळालेला धातू वितळवून त्याची तोफ ओतता आली असती. तसं झालं नाही. घंटा घंटाच राहिली, आणि दुसऱ्यांच्या देवाचं चित्रही तसंच राहिलं. आजोबा म्हणाले, "आई आन् बाळच हाय की! त्याला कशाला कोण हात लावंल?"

दुपारी साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाकडे वळलो. तिथली बारा मोटेची विहीर पाहायची होती. विहीर म्हटल्यावर थोरल्यानं नाक मुरडलं होतं. पायऱ्या उतरून आत गेलो आणि स्वारी गप्पच झाली! शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवून घेतली. आमराईला पाणी मिळावं म्हणून. खोली सुमारे ११० फूट आणि रुंदी ५० फूट. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा. आणि खरी गंमत म्हणजे विहिरीच्या पोटात चक्क छोटासा महाल आहे! बाहेर ऊन मी म्हणत असताना आत मात्र गार वाटतं.

काठावर मोटा चालवायच्या जागा आहेत. बारा मोटा एकदम चालत, म्हणून विहिरीचं हे नाव. एका मोटेला दोन बैल धरले तरी चोवीस बैल झाले की नाही?

"आजोबा, मोट म्हणजे नक्की काय?" थोरल्याचा प्रश्न.

आजोबांचं लहानपण खटाव तालुक्यात गेलं. पंप नव्हते तेव्हा त्यांनी स्वतः मोट हाकली आहे. हातातली काठी टेकवून ते जे सांगायला लागले, ते ऐकायला शेजारची दोन-तीन मुलंही जमली.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला खालच्या बाजूला हत्तीसारखी सोंड. पिशवीच्या तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो खाली, विहिरीच्या काठाशी असलेल्या कण्यावरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाकडे. मोट वर येताना सोंड दुमडून वर धरलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आली की पिशवी उंच चाकाकडे ओढली जाते आणि सोंड खालच्या कण्यावरून बाहेर येते. भडाभडा पाणी ओततं! पिशवी उलटी करायला माणूस लागत नाही.

बैल चालतात तो उतार म्हणजे धाव. मोट भरून वर येताना बैल उतारावरून खाली जातात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला मदत करतं. "आन् तवा आम्ही नाड्यावर बसायचो! आपलं बी वजन लागतं ना. शिवाय झोका फुकट!" आजोबा हसत म्हणाले.

"आणि पाणी पडायचं ते कुठे?" धाकटीनं पेन्सिल सरसावली.

"ते... दगडी टाकं असतंय बघ. तिथनं पाटानं रानात. त्याला काय म्हणायचं..." आजोबा थांबले. कपाळावर हात ठेवला. शब्द काही आठवेना. "तोंडावर हाय गं," असं चार वेळा म्हणाले. धाकटीनं वहीत तेवढी जागा मोकळी सोडली.

साताऱ्यात मुक्काम केला. कंदी पेढे आणले, पण आजोबांचं लक्ष पेढ्यांत नव्हतं. शेवटी रात्री त्यांनीच गावाकडे त्यांच्या थोरल्या बहिणीला फोन लावायला सांगितला. आक्कांचं वय ८९. त्यांना प्रश्न पुरता सांगायच्या आतच फोनमधून खणखणीत आवाज आला, "थारोळं रं! इसरलास व्हय? तिथंच मी हंडा भरत हुते आन् तू त्यात पडला हुतास!"

आम्ही सगळे हसून हसून बेजार. आजोबाही हसले, पण हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ती दोघं बराच वेळ बोलत बसली. बैलांची नावं काय, चाकाचा आवाज कसा यायचा, मोटेवर कोण गाणी म्हणायचं. धाकटी शेजारी बसून लिहीत होती. तीन पानं भरली.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरमार्गे औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंध हे एक लहानसं संस्थान होतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारलं. छतातून उजेड आत येईल अशी दालनांची रचना केली. त्या शांत उजेडात आम्ही राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं पाहिली. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकारानं घडवलेलं दगडी शिल्पही इथे आहे. विषय कोणता? आई आणि बाळ! कालची घंटा आठवून मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

एवढा खजिना मुंबईत नाही, पुण्यात नाही, एका छोट्या गावाच्या डोंगरावर. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, याच राजानं आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. चित्रं काय किंवा सत्ता काय, आपल्यापुरती ठेवायची नाही, असा तो माणूस.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर धाकटीनं विचारलं, "आजोबा, तुमची मोट कुठे आहे आता?"

"इंजिन आलं, मग वीज आली. मोट गोठ्यात पडून कुजली," आजोबा म्हणाले. "चामडंच ते. किती टिकणार?"

धाकटीनं वही उघडून त्यांच्या पुढ्यात धरली. नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळं, पाट. "ही बघा, इथे आहे."

मुलांनो, घंटा टिकली, कारण ती पंचधातूची. विहीर टिकली, कारण ती दगडाची. चित्रं टिकली, कारण त्यांच्यासाठी कुणी घर बांधलं. शब्द मात्र माणसांच्या तोंडातच राहतात. आक्कांनी फोन उचलला नसता, तर आमच्या वहीतली ती जागा कोरीच राहिली असती.

तेव्हा पुढच्या सुट्टीत सहलीला निघताना पाण्याची बाटली, टोपी आणि एक वही घ्या. आणि हो, शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला गाडीत पुढे बसवा. प्रश्न मात्र तुम्ही विचारायचे!