अंकांची पाळी

नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे, नेवासा तालुक्यातले घोडेगाव भाविकांना शनिशिंगणापूरच्या वाटेवरचे गाव म्हणून ठाऊक असते; शेतकऱ्यांना ते कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी. कांद्याच्या बाजारात आमचे लक्ष लिलावापेक्षा काट्याकडे अधिक जाते. गोणी चढते, लाल आकडे क्षणभर धावून थांबतात आणि शेतकरी, हमाल, तोलणारा असे सगळे तिकडे पाहतात. कित्येक महिन्यांच्या कष्टाचे तात्पर्य त्या आकड्यांत असते.

हे सर्व अंक एका वेळी पेटलेले नसतात, हे कळल्यापासून आम्ही काट्याकडे वाचकाच्या नजरेने पाहू लागलो आहोत. एका अंकाच्या सात पट्ट्या आणि दशांशबिंदू मिळून आठ दिवे. सहा अंकांचे ४८. आतल्या मायक्रोकंट्रोलरला इतक्या पिना कोठून असणार? म्हणून पट्ट्यांसाठी आठ आणि अंक निवडण्यासाठी सहा, अशा १४ पिनांत काम भागवतात. पहिल्या अंकाच्या पट्ट्या ठरवायच्या, तेवढाच अंक पेटवायचा, विझवायचा आणि दुसऱ्याकडे वळायचे. सेकंदाला अशा १०० फेऱ्या झाल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला दर फेरीत सेकंदाचा सुमारे सहाशेवा भाग येतो. डोळा तो खंड जाणत नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर हलला, तोही नजरेच्या अशाच औदार्यावर. मात्र एक पथ्य पाळावे लागते: मागचा अंक पुरता विझवल्याविना पुढचा पेटवला, तर मागच्याची फिकट छाया पुढच्यावर पडते.

शब्दही असाच वर्णावर्णाने उच्चारला जातो आणि पुढचा वर्ण येईतो मागचा लोपलेला असतो. मग अर्थ कोणाचा? आधीच्या वर्णांचे संस्कार आणि शेवटचा वर्ण यांचा, असे मीमांसकांनी म्हटले. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अखंड स्फोट मानला, वर्ण केवळ त्याला प्रकट करतात. आमच्या मते काटा भर्तृहरीच्या बाजूचा आहे. वजनाची संख्या त्याच्या स्मृतीत अखंडच असते. अंक तिला पाळीपाळीने प्रकट करतात. त्यांना जोडणारा संस्कार मात्र पाहणाऱ्याच्या ठायी असतो.

कॅमेऱ्याजवळ तो नसतो. परिचयातल्या एका शेतकऱ्याने पुरावा म्हणून भर उन्हात मोबाइलवर काट्याचे छायाचित्र घेतले. त्यात मधला अंक काळा पडला होता आणि तीन अंकी वजन वाचता येईना. काट्यात लबाडी आहे, अशी त्यांना शंका आली. लख्ख उजेडात कॅमेरा फारच थोडा वेळ उघडतो; तेवढ्यात त्या अंकाची पाळी आली नव्हती, हे आम्ही त्यांना सांगितले. ते त्यांना पटलेही, पण त्यांचा पुढचा प्रश्न अधिक खोल होता: “अंक सगळे दिसले, म्हणून वजन खरं कशावरून?”

याचे उत्तर नजरेत नाही, स्फोटातही नाही. स्मृतीतली संख्याच चुकलेली असेल, तर ती तितक्याच सुबकपणे प्रकट होईल. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हे विसरू नये. अर्थ कसा उमटतो हे कळणे म्हणजे तो खरा आहे हे कळणे नव्हे. काट्यापुरता उपाय सरकारी पडताळणीच्या शिक्क्यात आहे, आणि शंका आलीच तर प्रमाणित २० किलोचे वजन काट्यावर ठेवायला सांगण्यात आहे. ते सांगण्याचा संकोच शेतकऱ्याने करू नये.