संगमावरचा रविवार

आमची लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या एका गावात. राहणे कुरुंदवाडला, भाड्याच्या दोन खोल्यांत. आम्ही दोघे, तिचे अम्मी-अब्बा, मिरजेचे. 2025 च्या फेब्रुवारीत एका शनिवारी आम्ही तिच्याकडे निघालो ते एक काम मनात धरून. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज निघतील तेव्हा तिने अर्ज भरावा, सांगली जिल्ह्यात यावे, मिरजेच्या आसपास शाळा मिळाली तर चार वर्षांच्या नातवाला आम्ही सांभाळू, हे तिला समोर बसवून सांगायचे होते. फोनवर हा विषय निघाला की ती "बघू अम्मी" म्हणते आणि दुसरेच बोलायला लागते.

मिरजेहून एसटीने शिरोळ आणि तिथून नृसिंहवाडी. लोक तिला नरसोबाची वाडी किंवा नुसतेच वाडी म्हणतात. शिरोळ सुटले की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तोडणी चालू होती, ट्रॅक्टरमागे एसटी रखडत होती. वाडी दोन नद्यांच्या बेचक्यात वसली आहे. उत्तरेकडून कृष्णा येते, पश्चिमेकडून कोल्हापूरची पंचगंगा येते आणि इथे दोघी एक होतात. पंचगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे कुरुंदवाड, पटवर्धनांच्या संस्थानाचे जुने गाव. फेब्रुवारीत नद्या खाली गेलेल्या असतात. पुलावरून पाहिले तर हेच पाणी घरांत शिरते यावर विश्वास बसत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा लेक वह्या तपासत बसली होती आणि नातू तिच्या लाल पेनावर डोळा ठेवून होता. जावई जयसिंगपूरला एका दुकानात कामाला आहेत, ते रात्री आठला येतात. विहीणबाई लेकीजवळच राहतात. त्यांच्याशिवाय हे घर चाललेच नसते. लेकीचा दिवस फज्रला सुरू होतो. नमाज, डबे, नातवाची आंघोळ, मग स्कूटीवरून शाळा. पाचवी ते सातवीला ती मराठी आणि इतिहास शिकवते. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, पालकांच्या बैठका हे सगळे त्यातच. घरात ती आमच्याशी दखनीत बोलते. पण शाळेतला एखादा प्रसंग सांगायला लागली की नकळत मराठीवर येते, तेही इथल्या मुलींच्या "काय वं बाई" अशा मराठीवर. तिचे पणजोबा कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि मास्तर झाले. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली मुसलमानांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी केली, तिचेच ते बोर्डिंग. त्या मास्तरकीची आठवण आमच्या घरात अभिमानाने निघते. पण पणतीला लांबच्या गावात मास्तरीण म्हणून पाठवताना आमचा जीव खालीवर झाला होता, हेही खरे.

रात्री जेवताना विषय काढायचा ठरले होते. तेवढ्यात लेक म्हणाली, "उद्या सकाळी सहाला तयार राहा. माझ्या मुली वाडीला येणार आहेत. तुम्ही पण चला." मुली म्हणजे तिच्या शाळेचा खो-खोचा संघ.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमची लेक स्वतः खो-खो चांगला खेळत असे. आठवीत असताना शाळेच्या संघात होती. नववीत गेली तेव्हा तालुक्याबाहेर सामना होता, एक रात्र मुक्काम होता, आणि आम्ही नाही म्हणालो. लोक काय म्हणतील, पोरगी मोठी झाली, पाय मोडला तर काय, अशी तीन-चार कारणे दिली. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बूट धाकट्या चुलत बहिणीला देऊन टाकले. त्यानंतर आमच्या घरात खो-खोचे नाव निघाले नाही, थेट ती शिक्षिका होईपर्यंत.

रविवारी सकाळी वाडीच्या घाटावर पोहोचलो तेव्हा नदीवर धुके होते. चौदा मुली आल्या होत्या, दोन जणींच्या आयाही होत्या. लेकीने प्रत्येकीच्या पालकांची संमतीची चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवली होती. घाटावर भाविकांची वर्दळ सुरू झाली होती. वाडी हे दत्तभक्तांचे मोठे क्षेत्र. श्री नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षे राहिले, असे मानतात आणि त्यांच्या पादुकांची इथे पूजा होते. मंदिराला नेहमीसारखे उंच शिखर नाही. याबद्दल इथे एक कथा सांगतात. विजापूरच्या आदिलशाहाच्या मुलीची दृष्टी गेली होती. तो इथे आला, मुलीला दिसू लागले आणि त्याने कृतज्ञतेने हे बांधकाम करवले, समोरच्या काठावरची औरवाड आणि गौरवाड ही गावे इनाम दिली. घाटावर फुले विकणाऱ्या आजींनी आमची टोपी-ओढणी पाहून ही गोष्ट मुद्दाम आम्हाला सांगितली आणि वर म्हणाल्या, "लेकीपायी बापाला कुठंकुठं यावं लागतं बघा." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

मंदिर घाटाच्या पायऱ्यांवर, अगदी पाण्याच्या शेजारी आहे. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी उत्तरेच्या दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या वेळी स्नानासाठी लांबून लोक येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. वाडीचे लोक असे पुराशी जुळवून घेत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पण ज्या पाण्याच्या बातमीने भाविक पिशव्या भरून निघतात, त्याच बातमीने मिरजेत आमची झोप उडते.

घाटापासून थोडे पुढे मळीच्या सपाट जागेत लेकीने दोन काठ्या रोवल्या आणि फक्कीने रेघा मारल्या. खो-खो आम्ही लहानपणापासून पाहिलेला. पण नियम कधी कोणाला विचारले नव्हते. सहावीतल्या एका मुलीने ते आम्हाला समजावून दिले. आठ जणी ओळीने बसतात, एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. नववी धावते. समोरच्या संघातून तीन-तीन जणी पळायला येतात. धावणारीला बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. "मग पळणारी मागं राहिली तर?" आम्ही विचारले. "मग जिचं तोंड तिकडं आहे तिला खो द्यायचा," ती म्हणाली, जणू एवढे साधेही या म्हाताऱ्यांना कळू नये.

त्या दिवसांत मुलींच्या तोंडी एकच नाव होते, प्रियांका इंगळे. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. ज्या खेळाला बूट लागत नाहीत, फळी लागत नाही, चेंडूही लागत नाही, त्या खेळात आपल्याकडची मुलगी विश्वचषक उचलते, ही गोष्ट या मुलींपर्यंत बरोबर पोहोचली होती. संघात तीन मुली आपल्या समाजाच्या. एक सलवार-कमीज आणि डोक्याला घट्ट बांधलेल्या रुमालात इतकी वेगाने पळत होती की तिची आई, जी आमच्याशेजारी बसून काळजीने पाहत होती, शेवटी उभी राहून ओरडायला लागली.

खेळ संपल्यावर लेकीने सगळ्यांना घाटाच्या पायऱ्यांवर बसवले. पाण्यात कोणी उतरायचे नाही, हा तिचा पहिला नियम. मग तिने मे महिन्याचा बेत सांगितला. सुट्टीत मुलींना पोहायला शिकवायचे. गावातल्या पोहणाऱ्या दोन बायका सोबत, पहाटेची वेळ, काठाजवळचे उथळ पाणी, अंगभर कपडे, कमरेला दोर आणि पाठीला रिकामा कॅन. इथली मुले पूर्वीपासून भोपळा किंवा डबा बांधून नदीत पोहायला शिकतात. मुलींना मात्र कोणी शिकवत नाही. "पूर मुलगा-मुलगी बघून येत नाही," ती आयांना म्हणाली.

हे ती का बोलत होती ते आम्हाला माहीत होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि तो ओसरल्यावर काही आठवड्यांतच ती नोकरीवर रुजू झाली. शाळा तिला पहिल्यांदा दिसली ती भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ असलेली, वर्गात चिखल, भिजून फुगलेली पुस्तके. त्याच महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेक जण बुडाले, त्यांत बायका आणि मुले होती. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा नातू पाळण्यात होता. विहीणबाई त्याला घेऊन जयसिंगपूरला नातेवाइकांकडे गेल्या आणि लेक पूरग्रस्तांच्या छावणीत याद्या करत होती, दूध वाटत होती. चार दिवस तिचा फोन लागत नव्हता. बदलीचा विचार आमच्या मनात त्या चार दिवसांत शिरला, तो आजवर गेला नाही. तिच्या मनात तेव्हा दुसरेच शिरले होते. दोन वर्षांनी, बाळाची आई असताना, ती स्वतः पोहायला शिकली. ही गोष्ट तिने आम्हाला त्या घाटावर पहिल्यांदा सांगितली.

परतताना तिने मुलींना प्रत्येकी एक कंदी पेढा दिला. आम्ही घरासाठी कवठाची बर्फी आणि बासुंदी घेतली. वाडीला येऊन बासुंदी न घेता कोणी जात नाही. मग पूल ओलांडून सगळी वरात कुरुंदवाडात. तिथे वेटलिफ्टिंगचा सराव चालतो, ते मुलींना दाखवायचे होते. कुरुंदवाडसारख्या लहान गावाची ही मोठी कमाई. 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी यांनी 56 किलो, ओंकार ओतारी यांनी 69 किलो आणि चंद्रकांत माळी यांनी 94 किलो वजनगटात कांस्यपदके मिळवली. तिघेही या गावाच्या मातीतले. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरने कोपर दुखावले असतानाही 55 किलो गटात रौप्य मिळवले; सुवर्ण फक्त एका किलोने हुकले. लोखंडाच्या आवाजाने मुली आधी दचकल्या, मग एकीने हळूच विचारले, "बाई, ह्यात पोरी पण असतात का?" लेक म्हणाली, "असतात. मीराबाई चानूचं नाव ऐकलंस?" आणि टोकियोच्या रौप्यपदकाची गोष्ट तिथेच सुरू झाली.

दुपारी जेवून झाल्यावर अखेर आम्ही विषय काढला. लेकीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "अब्बा, मिरजेला आले तर मला सोपं जाईल, हे खरं आहे. बाळालाही. मी नाही म्हणत नाही. पण या वर्षी सातवीत गेलेल्या मुली पुढच्या वर्षी शाळा सोडतील. त्यांच्यातल्या चौघींची लग्नं लवकर ठरतील, मला माहीत आहे. खेळत राहिल्या तर घरचे थोडं थांबतात. एवढंच मला दिसलंय." थोडे थांबून तिने अम्मीकडे पाहिले. "मला तेव्हा जाऊ दिलं असतं तर मी काही फार मोठी खेळाडू झाले नसते. पण जाऊ दिलं नाही, ते लक्षात राहिलं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. विहीणबाई भांडी आवरत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "हुजूर (स.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) धावण्याची शर्यत लावायचे. पहिल्यांदा त्या जिंकल्या, नंतर एकदा हुजूर (स.) जिंकले, आणि म्हणाले की आता बरोबरी झाली. ही हदीस आपण सगळे ऐकतो, आणि मुलीने पळायचं म्हटलं की विसरतो." आम्हीही ती कितीदा ऐकली आहे. नववीतल्या मुलीला घरी बसवताना आम्हाला ती आठवली नव्हती.

बदलीचा अर्ज अजून भरलेला नाही. तो भरावा की नाही, ते आता तिच्यावर सोडले आहे. आम्ही आमच्या बाजूने एकच ठरवले आहे. जुलै लागला की आम्ही दोघे कुरुंदवाडला मुक्कामाला जाऊ. पाण्याची बातमी आली तर नातवाला आणि विहीणबाईंना घेऊन मिरजेला येऊ, म्हणजे छावणीत याद्या करताना तिचे अर्धे मन घराकडे ओढले जाणार नाही.

निघताना नातू दाराशी आला आणि अब्बांच्या पाठीवर जोरात थाप मारून ओरडला, "खो!" लेक हसली. एसटी पुलावरून गेली तेव्हा संगमावर ऊन पडले होते, मळीत पांढऱ्या रेघा तशाच होत्या. आम्ही वळून वळून पाहत राहिलो. घरी आल्यावर आम्ही पहिले काम केले ते बुटांच्या दुकानात जाण्याचे. आठ नंबरचे खेळाचे बूट घेतले आहेत. तिच्या पायाचे माप अम्मीला अजून पाठ आहे.