जिथे आपल्या सोयाबीनचा भाव पडतो

वाचकहो, कोणी काशी करून आला तर गावातले लोक त्याच्या पाया पडतात आणि कोणी अमेरिका पाहून आला तर 'तिकडं पगार किती?' असे विचारतात. पगाराचे मला विचारू नका. मी वाशिम जिल्ह्यातला, रिसोड तालुक्यातला सहा एकरांचा कोरडवाहू शेतकरी. मुलगा शिकागोला नोकरीवर आहे. त्याच्या आग्रहावरून २०२४ च्या एप्रिलअखेरीस, हरभरा घरात आल्यावर, आम्ही उभयता तिकडे गेलो आणि मृग लागायच्या आत परत आलो.

सगळ्यांच्या दृष्टीने ही सहल होती. माझे मात्र त्यात एक खाजगी काम होते. आदल्या खरिपाचे बावीस क्विंटल सोयाबीन मी घरात थप्पी लावून ठेवले होते. हमीभाव ४,६०० रुपये, आणि बाजारात तेवढाही मिळेना. व्यापाऱ्याला विचारावे तर तो मोबाईलकडे पाहून म्हणायचा, "काका, शिकागो पडलं." कधी म्हणायचा, "शिकागो थोडं सुधरू द्या." पोराच्या पत्त्यावर जे गाव लिहिलेले, तेच गाव आमच्या पोत्यांचा भाव पाडते! म्हटले, आता जातोच आहोत तर ते ठिकाण डोळ्यांनी पाहून यावे.

शहर अफाट आहे. मिशिगन सरोवर पाहून आमची मंडळी काठावरच बसली. दुसरा काठ दिसत नाही, समुद्रासारख्या लाटा येतात, आणि पाणी गोडे! "आवं, एवढं पानी एका गावाले, अन् आपल्याकडं एप्रिलात हापशीवर रांग!" ती म्हणाली. ह्याला मी काय उत्तर देणार? पण ह्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. गावातून वाहणारी शिकागो नदी पूर्वी सरोवराला मिळत असे. कत्तलखान्यांची, कारखान्यांची आणि वस्तीची सगळी घाण तीच वाहून नेई, आणि पिण्याचे पाणी मात्र त्याच सरोवरातले. रोगराई वाढली. तेव्हा त्या लोकांनी सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खणला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता ती सरोवराकडे न जाता सरोवराकडून आत वाहते. आपली घाण खालच्या गावांकडे लोटली म्हणून त्या गावांनी आरडाओरड केली, हेही खरेच. पाण्याची भांडणे सगळीकडे सारखीच!

एकशे दहा मजल्यांचा सिअर्स टॉवर १९७३ साली पुरा झाला. २००९ पासून त्याला विलिस टॉवर म्हणतात. त्याची बांधणी आजच्या बांगलादेशात जन्मलेल्या फझलूर रहमान खान ह्या इंजिनीयराने बसवली. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून ही इमारत उभी केली, असे मुलाने समजावले. मला ती तुराट्यांच्या पेंढीवरून लगेच समजली. एक तुराटी वाऱ्याने वाकते, पेंढी वाकत नाही. जिथे १८९३ साली स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले त्या वास्तूच्या पायरीवरही आम्ही डोके टेकले. येणारेजाणारे पाहत होते. पाहोत बापडे.

आता शेतकऱ्याच्या कामाचे सांगतो. कापणीयंत्राचा कारखाना मॅकॉर्मिक नावाच्या माणसाने १८४७ साली ह्याच शहरात आणला. पुढे १९०२ साली त्यातूनच इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी झाली. १९६३ साली तिच्याशी करार करून महिंद्राने आपल्याकडे ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या गल्लीतून जाणाऱ्या लाल ट्रॅक्टराचे आजोळ शिकागोच म्हणायचे. आज त्या शहरात ते कारखाने राहिले नाहीत. देशभराची गुरे जिथे रेल्वेने येत तो प्रचंड जनावरबाजार १९७१ साली बंद झाला. त्याची दगडी वेस तेवढी उभी आहे आणि तिच्यावर बैलाचे डोके कोरलेले आहे. दक्षिणेकडची पोलादाची मोठी भट्टी १९९२ साली थंडावली. तिथून गाडीने जाताना मला आपल्याकडच्या बंद पडलेल्या जिनिंगची आठवण झाली. तसेच गवत, तशाच फुटक्या खिडक्या.

भावाचा बाजार मात्र टिकून आहे. ज्या इमारतीसाठी मी आलो होतो ती 'शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड', चव्वेचाळीस मजल्यांची, १९३० साली बांधलेली. शिखरावर सेरेस ह्या धान्यदेवतेची मूर्ती आहे. एका हातात गव्हाची पेंढी, दुसऱ्यात मक्याची थैली. पण देवीला तोंड नाही! इतक्या उंचीवर चेहरा कोणाला दिसणार, म्हणून मूर्तिकाराने डोळे-नाक कोरलेच नाहीत. मी खालून बराच वेळ मान वर करून पाहत राहिलो. आपली लक्ष्मी कशीही रुसो, तिच्याकडे पाहून निदान ती रुसलेली आहे हे तरी कळते.

हा बाजार १८४८ सालचा. त्याआधी शेतकरी पोती घेऊन नदीकाठी येत, ज्याचा माल त्याचा वेगळा विके. रेल्वे आली तसे पोते मागे पडले. धान्याची प्रत ठरवायची, एका प्रतीचे सगळे धान्य एका उंच कोठारात ओतायचे आणि शेतकऱ्याच्या हाती पावती द्यायची, अशी रीत पडली. मग धान्य जागेवरच राहून पावतीच हातोहात विकली जाऊ लागली. त्यातूनच पुढच्या महिन्यात द्यायच्या मालाचा सौदा आज करायचा, म्हणजे वायदा, हा व्यवहार वाढला. कोठारवाले मापात आणि भाड्यात शेतकऱ्याला लुबाडत. तिथल्या शेतकऱ्यांनी संघटना बांधून १८७१ साली इलिनॉय राज्याला कायदा करायला लावला, आणि कोठारवाले कोर्टात गेले तेव्हा १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. हे ऐकून मला जरा बरे वाटले.

सोयाबीनचा वायदा तिथे १९३६ साली सुरू झाला. एक सौदा ५,००० बुशेलचा, म्हणजे आपले सुमारे १,३६० क्विंटल. माझ्यासारखे साठ-सत्तर शेतकरी मिळून एक सौदा व्हायचा! पूर्वी आठ कोनांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खळग्यात उभे राहून दलाल ओरडत. तळहात आपल्याकडे केला की घेणार, बाहेर केला की विकणार. आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरतात, त्याचाच हा उघडा प्रकार. पण बहुतेक वायद्यांचे ते खळगे २०१५ साली बंद झाले. सगळे आता संगणकावर. खालच्या देखण्या दालनात हिंडलो, तिथे धान्याचा एक दाणा दिसला नाही.

मग तिथला भाव आपल्याला का चावतो? मुलाने हिशेब मांडून दाखवला. सोयाबीन गाळले की थोडे तेल निघते आणि बाकी पेंड. आपला देश खाद्यतेल बाहेरून आणतो आणि पेंड बाहेर विकतो. दोन्हींचे जगाचे भाव शिकागोकडे पाहून ठरतात. ते उतरले की बाहेरचे तेल स्वस्त पडते, आपल्या पेंडीला गिऱ्हाईक राहत नाही, तेलगिरणीवाला भाव उतरवतो आणि तोच उतार बाजार समितीच्या ओट्यावर येऊन पोचतो. पण सगळे पाप शिकागोच्या माथी मारणे मला पटत नाही. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांवर गेले होते, आठवते ना? त्याच महिन्यात बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली ती आपल्याच सरकारने, आणि नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या देशातला सोयाबीनचा वायदाही बंद करण्यात आला.

एका रविवारी मुलाने शहराबाहेर नेले. पेरणी चालू होती. एका खेपेत चोवीस ओळी पेरणारे यंत्र, आणि चालवायला एकटा माणूस. मुलाच्या ओळखीने त्या शेतकऱ्याशी बोललो. त्याला भाव मिळत होता बुशेलला बारा डॉलर. मी कागदावर आकडेमोड केली तर क्विंटलला सुमारे ३,६५० रुपये. वाचकहो, आमच्यापेक्षा कमी! पण त्याला एकरी सतरा क्विंटल होते आणि मला त्या वर्षी साडेपाच झाले होते. तोही भावाच्या नावाने बोटे मोडत होता. आम्ही दोघेही हसलो.

परतताना मुलाने गाडीतच विषय काढला. "बाबा, वावर मक्त्यानं द्या. सहा महिने इकडं राहत जा. साडेपाच क्विंटलासाठी किती झिजता?" त्याचे चुकत नव्हते. आकडे त्याच्या बाजूचे होते. मी गप्प राहिलो तेव्हा मागून त्याची आई म्हणाली, "चार एकर दे मक्त्यानं. इहिरीजवळचे दोन राहू दे. मले हातपाय हालवाले लागते." मला न विचारता वाटणी झालीही! पण ती मला मान्य होती आणि मुलालाही.

आल्यावर बारा क्विंटल विकून मक्त्याला न दिलेल्या दोन एकरांचे बी-खत आणले आणि सोसायटीचे देणे चुकवले. उरलेले दहा क्विंटल बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवले. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीनला किमतीच्या पाऊण पटीपर्यंत कर्ज मिळते, सहा टक्के व्याज, मुदत सहा महिने. आपल्या समितीत चालू आहे का, ते सुगीच्या आधीच विचारून ठेवा. माल घरात आल्यावर धावपळ होते. पावती हातात पडली तेव्हा मी ती नीट घडी घालून पेटीत ठेवली आणि तिचा फोटो मुलाला पाठवला.

आता तो दर शनिवारी रात्री फोन करतो. आधी त्याच्या आईशी बोलतो. मग तो मला शिकागोचा भाव सांगतो आणि मी त्याला रिसोडचा.