तंबू गाडीतच : बिदरचा मुक्काम
(सीमेपलीकडची दैनंदिनी, भाग पहिला)

शुक्रवार, बिदर

उदगीर सोडलं तेव्हा दोन्ही बाजूंना काळी रानं होती, तूर कापणीला आलेली. भालकी मागं पडली, बिदरचं पठार लागलं आणि मातीचा रंगच फिरला. लालभडक. आम्हा लातूरकडच्या माणसांना जांभा दगड बघायचा तर कोकण गाठावं लागतं अशी समजूत. तो इथं घरापासून दोन-तीन तासांवर निघाला.

बेत असा : चिंचोळीच्या अभयारण्यात तंबूचा मुक्काम, मग कलबुर्गी, शेवटी गाणगापूर. जंगलातली परवानगी रविवारची. तोवर लॉजवर बसून सामान तपासावं, असं मेहुण्यांचं मत. शहर बघावं, असं माझं. गाडी मी चालवत असल्यानं माझं मत चाललं.

उन्हं कलताना किल्ल्यात शिरलो. बाहेरचा खंदक तिहेरी आहे. सबंध जांभ्यात कोरून काढलेला, मधे खडकाच्याच भिंती राखलेल्या. अहमदशाह वली बहमनीनं पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी इथं हलवली, ती या खडकाकडे बघूनच असणार, असं खंदकाच्या काठावर उभं राहिलं की वाटतं. रंगीन महालाला कुलूप होतं. रखवालदाराला विनंती केली, त्यानं ते काढलं. आत काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम. मोबाइलचा उजेड तिरका धरला की वेल चमकते, सरळ धरला तर काहीच दिसत नाही.

शनिवार, बिदर

सकाळी सहाला बरीदशाही बागेत. बहमनींनंतर इथं राज्य केलेल्या बरीदशाही सुलतानांच्या कबरी आणि त्यांच्याभोवती झाडं, हिरवळ, फरसबंद वाटा. अख्खं बिदर इथं फिरायला येतं. साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या बायका तरातरा चालतात. कानटोपीतली म्हातारी मंडळी हास्यक्लबात टाळ्या पिटतात. कन्नड, दखनी, मराठी, तेलुगू, सगळं एकाच फेरीत कानावर पडतं.

अली बरीदची कबर (१५७७ मध्ये बांधून पुरी झालेली) चारही बाजूंनी उघडी आहे. भिंतींच्या जागी मोठमोठ्या कमानी, आत काळ्या पाषाणाची थडगी, वर घुमट. डिसेंबरचं वारं आरपार जातं. मला बिदरातली ही इमारत सगळ्यांत आवडली, नंतर बघितलेल्या मदरशाहूनही.

बाकावर एक भालकीचे निवृत्त मास्तर भेटले. "लातूरकडचे ना? बोलण्यावरनं कळतंय." मी म्हटलं, बाग छान राखलीय काका. ते म्हणाले, "ह्या कबरी आहेत म्हणून. नसत्या तर कवाच प्लॉट पडले असते." एवढं बोलून उरलेली फेरी पुरी करायला उठले.

नंतर महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूचा स्फोट होऊन दर्शनी भाग ढासळला. एक मिनार आणि निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे उरले. गवान बहमनींचा वजीर होता त्याच काळात निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे इथं आला होता, बरोबर विकायला घोडा घेऊन. तोही दैनंदिनी लिहायचा. आमच्याजवळ विकण्यासारखं काही नाही.

चौबाऱ्याजवळच्या बिदरी कारखान्यात मात्र तास-दोन तास सहज गेले. जस्तात थोडं तांबं घालून वाळूच्या साच्यात सुरई ओततात. घासून मोरचूद चोळलं की ती तात्पुरती काळी पडते, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उठते. त्या रेघेत चांदीची तार बसवायची आणि बारक्या हातोडीनं ठोकायची. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागरासह पाण्यात उकळून त्यात भांडं फिरवतात. जस्त कायमचं काळं होतं, चांदी तशीच पांढरी. माती कुठलीही चालत नाही. ऊन-पाऊस न लागलेल्या कोपऱ्यातलीच लागते. ती ओळखता कशी? उस्तादांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. "चखके देखना पडता साब." मेहुण्यांनीही चाखली. खारट, म्हणाले.

दुपारी नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगर. खडकातून येणारा झरा वर्षभर वाहतो. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो. खाली काळा कातळ लागला की ते आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला बाहेर पडतं. नरसिंह झरणीच्या गुहेत छातीभर पाण्यातून देवापर्यंत जावं लागतं, तेही याच जातीचं पाणी. आणि जिथं ते आपणहून आलं नाही, तिथं लोकांनी भुयार खोदून आणलं : नौबादची करेझ, इराणी पद्धतीची. जमिनीवर फक्त हवेच्या विहिरींची तोंडं दिसतात; आत डोकावलं तर गारवा लागतो. बिदरला येऊन किल्लाच तेवढा बघणारे पर्यटक या पाण्याला मुकतात.

रविवार, रस्त्यावर

कॅन लॉजवरच भरून घेतले. जंगलात चूल पेटवायची नाही, तेव्हा डबा बांधून घेतला : ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी. मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडे एका शेतात हुरडा भाजत होते. मेहुणे म्हणाले थांबू, मी म्हटलं जंगलाचं फाटक उजेडी गाठायचंय. त्यांनी उतरून तो कागदात बांधून आणला आणि चिंचोळीपर्यंत एकट्यानं संपवला.

(क्रमशः)